अंगठ्याचा ठसा आणि खुर्चीची उंची

संकेतस्थळाने समोरच्या व्यक्तीची ओळख पटवून घेण्याच्या क्रियेला प्रमाणीकरण म्हणतात, आणि ते तीन गोष्टींवर चालते: माणसाला ठाऊक असलेला पासवर्ड, त्याच्याजवळ असलेला मोबाइल, ज्यावर ओटीपी येतो, आणि त्याच्या देहाची खूण, म्हणजे बोटाचा ठसा, बुबुळ किंवा चेहरा. यांपैकी देहाची खूण सर्वांत भरवशाची मानली जाते. पण तो भरवसा कोणाच्या देहावरून ठरवला, हा प्रश्न बीड जिल्ह्यात टाळता येत नाही.

धुळे-सोलापूर महामार्गावर, पाटोदा आणि केजकडे रस्ते फुटतात तेथे वसलेले मांजरसुंबा ऊसतोड कामगारांच्या मुलखात येते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पुढे कित्येक महिने कोयत्याची मूठ, उसाच्या पात्यांची करवती धार आणि मोळ्यांचे ओझे यांनी बोटांची कातडी सोलवटत राहते. ठसा वाचणारे यंत्र कातडीवरच्या रेषा जेथे संपतात किंवा दुभंगतात ते बिंदू टिपून नोंदीतल्या बिंदूंशी ताडून पाहते. रेषाच झिजल्या असतील, तर रेशन दुकानात ‘अंगठा उठत नाही’ एवढेच ऐकू येते आणि खरा लाभार्थी समोर उभा असूनही यंत्राच्या लेखी अनोळखी ठरतो. ज्या महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे, 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेथे हा दोष कष्टकऱ्याच्या हाताचा नव्हे, तर रचनेचा मानला पाहिजे. ओटीपीचा पर्यायही पुरेसा नाही, कारण आधारला जोडलेला क्रमांक रिचार्जअभावी बंद पडलेला असतो किंवा घरातला एकुलता फोन फडावर गेलेला असतो.

उरतो पासवर्ड. तो जसाच्या तसा न साठवता, त्यात यादृच्छिक अक्षरे मिसळून, उलट फिरवता न येणाऱ्या गणिती रूपात ठेवावा, ही रीत रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 मध्येच मांडली होती; मात्र लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रातल्या वहीत अनेकांचे पासवर्ड उघडे लिहिलेले असतील, तर त्या गणिताचा उपयोग राहत नाही.

सेवा केंद्राचा चालकही या रचनेचा भार देहावरच वाहतो. सर्व्हर अडला किंवा ठरावीक वेळ उलटून लॉगिन आपोआप तुटले की तोच अर्ज पुन्हा टंकावा लागतो, आणि उंच टेबलापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणाऱ्याचे खांदे वर ओढलेले आणि मनगट टेबलाच्या कडेवर दाबलेले राहते. याच मनगटातून जाणाऱ्या मज्जातंतूवर सतत ताण आला की बोटांना मुंग्या येऊ लागतात. कोपर साधारण काटकोनात, पाऊल जमिनीवर टेकलेले, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि पडदा हातभर अंतरावर, एवढी मांडणी महागड्या खुर्चीवाचून जमते. लॅपटॉप चार जाड वह्यांवर चढवून कीबोर्ड वेगळा जोडला तरी मान सरळ राहते. पण भरलेला मजकूर सुरक्षितपणे राखून, पुन्हा लॉगिन होताच अर्ज थांबला तेथून उघडणे, आणि ठसा न जुळल्यास चेहरा किंवा बुबुळाचा मार्ग त्याच पडद्यावर देणे, हे काम संकेतस्थळ लिहिणाऱ्यांचे आहे.