नखाने ओरखडा उठणारे संत

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मध्ययुगीन इंग्लंडमधले अलाबास्टरचे ख्रिस्ती संत जरूर बघा. दगड संगमरवरासारखा दिसतो, पण असतो जिप्सम, म्हणजे स्फटिकात पाणी धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट. मोह्स मापनपट्टीवर काठिण्य जेमतेम २! तुमच्या नखानेही ओरखडा उठेल (करून बघू नका). म्हणूनच त्यावर बारीक कोरीवकाम सोपं जाई. वर रंग आणि सोनेरी मुलामा. पण जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, इंग्लंडच्या पावसात नाक-डोळे झिजायचेच. म्हणून हे संत चर्चच्या आत राहिले. तिथे पाऊस नव्हता, पण १५५० साली मूर्ती नष्ट करण्याचा कायदा आला. असंख्य फुटल्या. फ्रान्स, स्पेन, आइसलँडला आधीच विकल्या गेलेल्यांपैकी बऱ्याच मात्र वाचल्या.