हुकूमशहाला पायउतार कोण करणार? जर्मनी आणि इटली, १९३३ ते १९४५

व्हर्सायचा अपमानकारक तह झाला, त्यातून हिटलर उदयास आला आणि दुसरे महायुद्ध भडकले, असे आपण वर्गात शिकवतो. परीक्षेतील उत्तरासाठी ही साखळी सोयीची आहे. परंतु तिच्यातली एक कडी सुटते. तह १९१९ चा. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९२८ च्या निवडणुकीत, नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते मिळाली. तहाचा संताप तेव्हाही होताच.

१९२९ च्या मंदीने चित्र पालटले. १९३२ च्या प्रारंभी जर्मनीत सुमारे ६० लाख लोक बेकार होते. पण मंदीइतकेच महत्त्व राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाला द्यावे लागेल. या कलमान्वये राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीत वटहुकूम काढता येत. १९३० पासून बहुमत नसलेले चान्सलर याच वटहुकुमांच्या आधारे कारभार रेटू लागले. संसदेवाचून राज्य चालवण्याची सवय हिटलरच्या आधीच लागली होती. जुलै १९३२ मध्ये त्याच्या पक्षाला ३७.३ टक्के मते मिळाली. नोव्हेंबरमध्ये ती ३३.१ टक्क्यांवर घसरली. अशी उतरती कळा लागलेली असतानाच ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चान्सलर नेमले. याला आपण मुठीत ठेवू, असे त्यांच्या भोवतीच्या पुढाऱ्यांना वाटत होते.

२७ फेब्रुवारीला संसदभवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी वटहुकमाने नागरी हक्क स्थगित झाले. २३ मार्चला अधिकारदान कायदा मांडला गेला. मंत्रिमंडळाला संसदेवाचून कायदे करण्याची मुभा देणाऱ्या या कायद्यास दोन तृतीयांश बहुमत आवश्यक होते. कम्युनिस्ट सभासदांना बाहेरच ठेवले होते. सभागृहात नाझींचे गणवेशधारी उभे होते. कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. विरोधातली सगळी मते सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने मात्र धर्मसंस्थेविषयीच्या आश्वासनांवर विसंबून कायद्याच्या बाजूने मत दिले. अल्पसंख्य समाजाच्या पक्षाने तोंडी हमीवर एवढा भरवसा ठेवावा, हे वाचून आजही मन खिन्न होते.

याचा युद्धाशी काय संबंध, असे विद्यार्थी विचारतात. उत्तरासाठी इटलीकडे पाहावे. मुसोलिनी १९२२ पासून सत्तेवर होता. तरी राजा होता आणि फॅसिस्टांची महापरिषदही होती. जुलै १९४३ मध्ये दोस्त सैन्य सिसिलीत उतरले. २४ जुलैच्या रात्री सुरू झालेल्या बैठकीत महापरिषदेने त्याच्याविरुद्ध १९ मते दिली. २५ तारखेला राजाने त्याला बडतर्फ करून अटक करविली. सप्टेंबरमध्ये इटलीने शस्त्रसंधी जाहीर केली. जर्मनांनी उत्तर व मध्य इटली व्यापल्यामुळे तेथील लढाई लांबली, ही गोष्ट वेगळी.

जर्मनीत असे कोणी उरलेच नव्हते. हिंडेनबुर्ग १९३४ मध्ये वारले, तेव्हा हिटलरने त्यांचे पदही स्वतःकडे घेतले आणि सैन्याने त्याच्या नावाने शपथ वाहिली. मंत्रिमंडळाची शेवटची बैठक फेब्रुवारी १९३८ मध्ये झाली. म्हणजे रशियावर स्वारी (जून १९४१) आणि अमेरिकेविरुद्ध युद्धघोषणा (डिसेंबर १९४१) या दोन्ही निर्णयांपूर्वी मंत्रिमंडळाची बैठक झालीच नाही. १९४३ च्या प्रारंभी स्टालिनग्राड येथे सहावी सेना शरण गेल्यावरही त्याला जाब विचारील अशी संस्था नव्हती. विरोधी सेनाधिकाऱ्यांपुढे बाँबचाच मार्ग राहिला. २० जुलै १९४४ चा तो प्रयत्न फसला आणि युद्ध आणखी साडेनऊ महिने, मे १९४५ पर्यंत, चालू राहिले.