चार तुकड्यांचे राज्य आणि पक्षाची सत्ता

भोपाळच्या विधानसभेत अमुक वर्षी कोणता पक्ष सत्तेवर होता, हे कोणत्याही शाळकरी मुलास पाठ करता येईल. तो पक्ष कशाच्या बळावर सत्तेवर आला आणि कशामुळे पायउतार झाला, हे समजून घ्यावयाचे असेल तर मात्र नकाशा पुढे घ्यावा लागतो. मध्य प्रदेश हे राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी चार तुकडे जोडून तयार झाले. जुन्या मध्य प्रांतातील महाकोशल, ग्वाल्हेर-इंदूरकडील मध्य भारत, रीवा-सतनाकडील विंध्य प्रदेश आणि नबाबी अमलातून नुकतेच बाहेर पडलेले भोपाळ, हे ते चार तुकडे होत. हिंदी भाषा हे त्यांतील समान सूत्र. पण राजवटी निराळ्या, पुढारी निराळे, आणि दाद मागावयास कोणत्या गावी जावयाचे ही सवयही निराळी. तेव्हापासून या राज्यात जो जो पक्ष सत्तेवर आला, तो आतून या तुकड्यांचा एक संघच होता. त्या संघाची गाठ सुटली की विधानसभेतील बहुमत केवढेही असो, सरकार कोसळले. दोन वेळा तर ते मतदाराला न विचारताच कोसळले.

इंदूरकरांस या प्रकाराची ओळख १९५६ पूर्वीच झाली होती. २८ मे १९४८ रोजी माळव्यातील लहानमोठी पंचवीस संस्थाने एकत्र येऊन मध्य भारत संघ निर्माण झाला. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. शिंदे-होळकरांच्या दीडशे-दोनशे वर्षांच्या स्पर्धेचे हे शेवटचे आणि अगदीच कागदी रूप होते. राजधानी मात्र एका गावाला देणे कोणास जमले नाही. हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी तोड निघाली, आणि सरकारी दफ्तर ऋतुमानाप्रमाणे प्रवास करू लागले. माळव्याच्या रात्री थंड असतात हे कारण सांगावयास सोईचे होते. खरे कारण ग्वाल्हेरला आणि इंदूरला एकमेकांचा भरवसा नव्हता, हे होते.

या संघाच्या १९५२ च्या निवडणुकीत ९९ पैकी ७५ जागा काँग्रेसने जिंकल्या. तरीही १९४८ ते १९५६ या आठ वर्षांत लीलाधर जोशी, गोपीकृष्ण विजयवर्गीय, तखतमल जैन, मिश्रीलाल गंगवाल आणि पुन्हा तखतमल जैन असे पाच वेळा प्रमुखपद फिरले. विरोधी पक्षाने यांतील एकही सरकार पाडले नाही. जे काही घडले ते पक्षाच्या घरातच घडले, आणि त्या घराच्या एका भिंतीवर ग्वाल्हेर तर दुसरीवर इंदूर असे लिहिलेले होते. विरोधकांत त्यातल्या त्यात जोर होता तो हिंदु महासभेचा. तिला अकरा जागा मिळाल्या होत्या. १९५२ साली लोकसभेवरही गुण्याहून वि. घ. देशपांडे आणि पोटनिवडणुकीत ग्वाल्हेरहून डॉ. ना. भा. खरे हे महासभेचे दोन मराठी पुढारी निवडून गेले.

डॉ. खरे यांचे नाव येथे आले हे बरेच झाले. पक्षांतर्गत प्रादेशिक दुहीने सरकार कसे पडते, याचा पहिला धडा या भागाला मिळाला तो त्यांच्याच निमित्ताने. १९३७ साली मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा डॉ. खरे मुख्यमंत्री होते आणि राजधानी नागपूर होती. मंत्रिमंडळात मराठी नागपूर-वऱ्हाड आणि हिंदी महाकोशल अशी सरळ फूट होती. जुलै १९३८ मध्ये खरे यांनी राजीनामा दिला. महाकोशलच्या तीन मंत्र्यांनी मात्र तो देण्याचे नाकारले. गव्हर्नरने त्यांना काढून टाकले, खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले, आणि काँग्रेसश्रेष्ठींच्या रोषामुळे तेही चार दिवसांत मोडावे लागले. त्यांच्या जागी आले पंडित रविशंकर शुक्ल. बाजूस काढलेल्या त्या तिघांत शुक्ल यांच्याबरोबर द्वारकाप्रसाद मिश्र हेही होते. पुढे हे दोघेही भोपाळचे मुख्यमंत्री झाले.

१९५६ साली विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि त्याच दिवशी मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ हे महाकोशलला येऊन मिळाले. शुक्ल नागपूरहून भोपाळला आले, पण दोन महिन्यांतच, ३१ डिसेंबर रोजी, त्यांचे निधन झाले. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला. इंदूरच्या वाट्यास खंडपीठ आणि लोकसेवा आयोग आला. अर्धीमुर्धी का होईना, राजधानी होती ती गेली, ही खंत इंदूरकरांच्या मनात पुष्कळ काळ राहिली. आपल्यातील कोणास नेता करावे यावर चार तुकड्यांचे एकमत होईना, म्हणून दिल्लीहून कैलासनाथ काटजू यांना आणण्यात आले. माळव्यातील जावरा हे त्यांचे जन्मगाव; सारी हयात मात्र अलाहाबादेत आणि दिल्लीत गेलेली. १९५७ साली काँग्रेसला २८८ पैकी २३२ जागा मिळाल्या. पाच वर्षांनी त्या १४२ वर आल्या, म्हणजे बहुमताला तीन कमी. आणि खुद्द काटजू जावऱ्यातच जनसंघाच्या उमेदवाराकडून पराभूत झाले. त्याच वर्षी इंदूरच्या गिरणी कामगारांनी काँग्रेसला डावलून होमी दाजी यांना अपक्ष म्हणून लोकसभेवर धाडले. खंडव्याचे भगवंतराव मंडलोई यांनी दीड वर्ष कारभार ओढला, आणि १९६३ साली कामराज योजनेत राजीनामा देऊन ते मोकळे झाले.

यानंतर आले द्वारकाप्रसाद मिश्र. त्यांच्या कर्तबगारीविषयी दुमत नव्हते. त्यांच्या जिभेविषयी आणि स्वभावाविषयी होते. संस्थानिकांचे वर्चस्व त्यांना मानवत नसे आणि ते तसे चारचौघांत बोलून दाखवीत. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे तोपर्यंत काँग्रेसच्या खासदार होत्या. त्या दुखावल्या आणि पक्षाबाहेर पडल्या. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला २९६ पैकी १६७ जागा मिळाल्या, जनसंघाला ७८. आकडे पाहता मिश्र निर्धास्त असावयास हवे होते. परंतु जुलै महिन्यात शिक्षण खात्याच्या मागण्यांवर मतदानाची वेळ आली तेव्हा काँग्रेसचे ३६ सदस्य उठून समोरच्या बाकांवर गेले. १६७ मधून ३६ गेले म्हणजे १३१ उरले, आणि बहुमताला हवे होते १४९. हे ३६ जण एकाच प्रदेशाचे नव्हते. पण त्यांचे म्होरके गोविंदनारायण सिंह विंध्य प्रदेशातील होते, आणि पाठीशी उभी होती ग्वाल्हेर. महाकोशलच्या मुख्यमंत्र्याविरुद्ध दोन तुकडे एक झाले, असाच त्याचा अर्थ होता. ३० जुलै रोजी गोविंदनारायण सिंह संयुक्त विधायक दलाचे मुख्यमंत्री झाले.

या सरकारात जनसंघ होता, समाजवादी होते, माजी काँग्रेसवाले होते आणि राजमातांचे अनुयायी होते. इतकी पाने एका पत्रावळीत लावली की ती फार वेळ टिकत नाही. मार्च १९६९ मध्ये मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि ते काँग्रेसमध्ये परतले. सारंगगडचे राजे नरेशचंद्र सिंह हे आदिवासी समाजातील गृहस्थ मुख्यमंत्री झाले, पण तेरा दिवसांपुरतेच. मग काँग्रेसचे श्यामाचरण शुक्ल, म्हणजे रविशंकर शुक्लांचे चिरंजीव, गादीवर आले. या साऱ्या उलथापालथीत मतदाराकडे कोणी एकदाही गेले नाही. १९६७ साली ज्याने हाताला किंवा अन्य कोणाला नव्हे तर बैलजोडीला मत दिले, त्याच्या आमदाराने दोन वर्षांत दोनदा बाजू बदललेली असणे सहज शक्य होते, आणि त्याबद्दल जाब विचारण्याची संधी त्याला मिळाली ती १९७२ साली. तेव्हा प्रकाशचंद्र सेठी यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने २२० जागा घेतल्या.

माळव्याची पाळी आली १९७७ साली. आणीबाणीनंतरच्या लाटेत जनता पक्षाला ३२० पैकी २३० जागा मिळाल्या. अडीच वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले: बागलीचे कैलाश जोशी, जावदचे वीरेंद्रकुमार सखलेचा आणि त्यांच्याच भागातील सुंदरलाल पटवा. तिघेही जनसंघाचे, तिघेही माळव्याचे. हा योगायोग नव्हता. जनसंघाचे या प्रांतातील संघटन ज्यांनी गावोगाव हिंडून बांधले त्यांत धारचे कुशाभाऊ ठाकरे हे मराठी गृहस्थ अग्रभागी होते, आणि त्या कामाची मुळे माळव्यात खोल गेली होती. हे ठाकरे पुढे भारतीय जनता पक्षाचे अखिल भारतीय अध्यक्षही झाले.

त्यानंतरचा दहा वर्षांचा काँग्रेसचा काळ थोडक्यात सांगता येतो. विंध्याचे अर्जुनसिंह आणि छत्तीसगडचे मोतीलाल व्होरा हे आळीपाळीने मुख्यमंत्री झाले. १९८५ साली तर अर्जुनसिंहांनी शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी पंजाबचे राज्यपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९९० साली पटवा २२० जागा घेऊन परतले. अयोध्येच्या घटनेनंतर १५ डिसेंबर १९९२ रोजी त्यांचे सरकार केंद्राने बरखास्त केले. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ती बरखास्ती अवैध ठरविली, तर १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात ती वैध मानली. तोपर्यंत नवी निवडणूक होऊन राघोगडचे दिग्विजय सिंह मुख्यमंत्री झालेही होते, आणि ते दहा वर्षे राहिले.

त्यांच्याच कारकिर्दीत, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगड वेगळे झाले आणि विधानसभा ३२० वरून २३० वर आली. गेलेल्या नव्वद जागा ज्या भागातल्या, त्या भागाने काँग्रेसला शुक्ल पितापुत्र आणि व्होरा दिले होते. उरलेल्या राज्यात माळवा-निमाडच्या ६६ जागांचे वजन आपोआप वाढले. २००३ साली भाजपला १७३ जागा मिळाल्या. उमा भारती, बाबूलाल गौर आणि मग शिवराजसिंह चौहान अशी मालिका सुरू झाली. चौहान सलग तेरा वर्षे मुख्यमंत्री होते. २०१८ साली ही मालिका तुटली ती माळवा-निमाडने निम्म्याहून अधिक जागा काँग्रेसला दिल्यामुळे. काँग्रेसला ११४ आणि भाजपला १०९ जागा मिळाल्या, जरी मते भाजपला किंचित अधिक होती. छिंदवाड्याचे कमल नाथ मुख्यमंत्री झाले.

आणि मग १९६७ सालची गोष्ट पुन्हा घडली. या वेळी बाजूस ठेवले गेल्याची भावना राजमातांचे नातू ज्योतिरादित्य शिंदे यांची होती. १० मार्च २०२० रोजी त्यांनी काँग्रेस सोडली आणि पक्षाच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले. परंतु मधल्या काळात कायदा बदललेला होता. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर १९६७ प्रमाणे नुसते समोरच्या बाकावर जाऊन बसता येत नव्हते. तसे केले तर सदस्यत्व जाते. राजीनामा देण्यास मात्र कायद्याची आडकाठी नाही. २२८ जणांच्या सभागृहातून २२ गेले की २०६ उरतात, बहुमत १०४ वर येते, आणि १०७ सदस्यांचा भाजप पक्षांतर न घडताच बहुमतात येतो. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत सिद्ध करण्यास सांगितले, आणि २० मार्च रोजी कमल नाथांनी मतदानापूर्वीच राजीनामा दिला.

कायदा हरला असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. तरी १९६७ आणि २०२० यांत एक फरक आहे, आणि तो लहान नाही. बाजू बदलणाऱ्याला या वेळी आठ महिन्यांच्या आत मतदारापुढे जाऊन उभे राहावे लागले. नोव्हेंबरमध्ये २८ जागांच्या पोटनिवडणुका झाल्या. इंदूर जिल्ह्यातील सांवेरचे तुलसीराम सिलावट २०१८ साली काँग्रेसचे म्हणून निवडून आले होते; २०२० साली त्याच मतदारांनी त्यांना भाजपचे म्हणून पन्नास हजारांहून अधिक मतांनी निवडून दिले. त्यांच्यासमोरचा काँग्रेसचा उमेदवार स्वतः मधल्या काळात भाजपमध्ये जाऊन परतलेला होता, त्यामुळे निष्ठेचा प्रश्न प्रचारात कोणी किती जोराने मांडावा ही पंचाईतच होती. सगळीकडे मात्र असा कौल मिळाला नाही. २८ पैकी नऊ ठिकाणी काँग्रेस जिंकली, आणि राजीनामा देऊन आलेल्या काही मंत्र्यांना घरी बसावे लागले.

२०२३ च्या निवडणुकीत भाजपला १६३ जागा मिळाल्या, काँग्रेसला ६६. एवढ्या बहुमताच्या पक्षाने कोणाकडेही पाहण्याचे कारण नव्हते. तरी १३ डिसेंबरला ज्यांचा शपथविधी झाला ते मुख्यमंत्री मोहन यादव उज्जैनचे, म्हणजे माळव्याचे. दोन उपमुख्यमंत्र्यांपैकी जगदीश देवडा मंदसौरकडचे आणि राजेंद्र शुक्ल रीवाचे. आणि विधानसभेच्या अध्यक्षपदी बसविले गेले ते नरेंद्रसिंह तोमर ग्वाल्हेरच्या बाजूचे.