ताप उतरतो, सांधे धरून बसतात

२०१६ चा पावसाळा सरत आला तेव्हा दिल्ली-गुरुग्रामच्या दवाखान्यांत चिकनगुनियाच्या रुग्णांची रीघ लागली होती. एकट्या दिल्लीत त्या वर्षीची नोंद १२ हजारांवर गेली. बहुतेकांचा ताप आठवड्याच्या आत उतरला आणि सरकारदरबारी आजार तिथेच संपला. दिवाळीतही कठडा धरून जिना उतरणाऱ्यांसाठी त्या नोंदीत रकानाच नव्हता.

हा आजार महाराष्ट्राला नवा नाही. १९७३ साली बार्शीत आलेल्या साथीत पाहणी झालेल्यांपैकी ३७ टक्क्यांहून अधिक लोकांना त्याने गाठलं होतं. पुढे तीसेक वर्षं तो देशात जवळपास दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये पुन्हा उसळला.

ताप गेल्यावरची सकाळ मोठी कठीण. मूठ वळत नाही. सुजलेल्या बोटात अंगठी रुतते, कणीक तिंबताना मनगट दगा देतं, पलंगावरून उतरताना घोटे टेकवत नाहीत. थोडी हालचाल झाली की सांधे जरा मोकळे होतात, म्हणून दुपारी डॉक्टरांपुढे बसलेला माणूस ठणठणीत वाटतो. संधिवातासाठीची आरए फॅक्टर चाचणी बहुधा निगेटिव्ह येते आणि घरचे म्हणतात, "मनाचं आहे सगळं." मनाचं नसतं ते.

रक्तातला विषाणू आठवडाभरात नाहीसा होतो, सांध्यांतली गोष्ट वेगळी. रीयुनियन बेटावर २००५-०६ च्या साथीत सुमारे एक तृतीयांश लोकांना लागण झाली. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात, भक्षक पेशींमध्ये, दीड वर्षानंतरही विषाणूचा आरएनए सापडला. उलट कोलंबियातल्या रुग्णांच्या सांध्यांतल्या द्रवात साधारण तितक्याच काळाने विषाणू मिळाला नाही, दुखणं मात्र होतं. म्हणजे काहींच्या सांध्यांत विषाणूचे अवशेष प्रतिकारशक्तीला डिवचत राहत असावेत, तर काहींच्या बाबतीत शत्रू गेल्यावरही फौज माघारी फिरत नसावी. वाद अजून मिटलेला नाही. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना, स्त्रियांना आणि आधीच सांधेदुखी असलेल्यांना हा त्रास जास्त रेंगाळतो, एवढं मात्र अनेक ठिकाणी दिसलं आहे.

उपचारांत आपली घाई नडते. तापातच स्टेरॉइड घेतलं की दोन दिवस स्वर्ग, गोळी थांबली की दुखणं उलटतं. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनही नको; रक्तस्रावाचा धोका असतो. तोवर पॅरासिटामॉल, विश्रांती आणि ताप ओसरल्यावर बेताचा व्यायाम. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर डॉक्टर तो जुनाट टप्पा मानतात. अशा वेळी संधिवाततज्ज्ञ गाठावा. काहींना मेथोट्रेक्झेटसारखं औषध लागतं, तेही रक्ततपासण्या करत. आणि तज्ज्ञांकडे जाताना त्या वेळच्या तापाचा रिपोर्ट सोबत न्यावा. तो नसेल, तर नेहमीचा संधिवात आणि हा पाहुणा यांत फरक करणं त्यांनाही अवघड जातं.