रोज एक वीतभर चित्र

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० सालच्या कॅनव्हासला ६७ कोटींहून अधिक रुपये मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कमध्ये सुमारे ११८ कोटींना गेले होते. एक चित्रकार नागपुरात जन्मलेला, दुसरा पंढरपुरात, त्यामुळे मराठी घरांत या आकड्यांची चर्चा झालीच. सप्टेंबरातच हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि चित्रकारांना दिलासा मिळाल्याचे मथळे सगळीकडे झळकले.

हा दिलासा आपल्या अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या चित्रकारापर्यंत पोचतो का? वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या आणि राज्यातच माल विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणीच लागत नाही. तालुक्याच्या गावी राहून, शाळेत चित्रकला शिकवून किंवा दुकानांच्या पाट्या रंगवून उरलेल्या वेळात चित्र काढणारा माणूस त्या मर्यादेच्या आसपासही जात नाही. त्याच्या कामाला बळ द्यायचे असेल, तर चर्चा वेगळ्या गोष्टीची व्हायला हवी. ती गोष्ट म्हणजे रोज एक छोटे तैलचित्र पुरे करण्याची शिस्त.

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ड्वेन काइझर या चित्रकाराने पोस्टकार्डाएवढे एक तैलचित्र रोज पूर्ण करून इंटरनेटवरून विकायला सुरुवात केली. दोन-तीन महिन्यांतच फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात राहणाऱ्या ज्युलियन मेरो-स्मिथ या इंग्रज चित्रकाराने तोच नेम धरला. दोघांचेही विषय हाताशी असलेले, घरातले आणि घराबाहेरचे. पुढे जगभर शेकडो चित्रकार या वाटेने गेले. चित्रे विकली गेली म्हणून या प्रयोगाची चर्चा झाली, पण मला त्यातली विक्री दुय्यम वाटते. चित्रकाराचा डोळा रोज कामाला लागतो, ही त्यातली खरी कमाई.

हे छोटेपण सोयीपुरते नाही, ते तैलरंगाच्या स्वभावातून येते. तैलरंगातले तेल मुख्यतः जवसाचे. आपल्याकडे ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात तेच जवस. पाणी उडून जाते तसे हे तेल उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. पातळ थर हाताला कोरडा लागायला काही दिवस जातात, जाड थराला आठवडे, आणि पावसाळी दमट हवेत त्याहून जास्त. म्हणजे आज अर्धवट सोडलेले चित्र उद्या धड ओले नसते, धड कोरडे नसते. चिकट झालेल्या रंगावर नवा स्ट्रोक बसत नाही. यावर उपाय दोनच. एक तर थर वाळू देत महिनोन् महिने काम करायचे, नाही तर ओल्यावर ओला रंग लावत एका बैठकीत चित्र संपवायचे. एका बैठकीत संपवायचे तर आकार लहानच हवा. सहा इंच बाय सहा इंच किंवा पाच बाय सात.

दुसरे कारण उजेडाचे. उघड्यावर बसून काढायचे तर दोन तासांत सावली जागा सोडते, रंगही बदलतो. नगरच्या उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर सगळे पांढरे पडू लागते. तेवढ्या वेळात मोठा कॅनव्हास झाकणेसुद्धा होत नाही. छोट्या बोर्डावर मात्र डोळे किलकिले करून आधी उजेड आणि सावली यांचे दोन-तीन मोठे तुकडे पकडता येतात. मग त्यांचे टोन जुळवायचे आणि शेवटी एखादा टोकदार ठिपका द्यायचा. तपशील भरायला जागाच नसते, म्हणून काय सोडायचे ते ठरवावे लागते. हे ठरवणेच चित्रकाराला घडवते. पांढरा मिसळला की रंग उजळतो तसा थंडही पडतो. चुन्याच्या भिंतीवरची सावली करडी नसते, तिच्यात निळा-जांभळा असतो. या गोष्टी वर्गात सांगून कळतात, पण हातात उतरतात त्या शंभर-दोनशे बोर्ड रंगवल्यावर.

या रोजच्या सरावाला रियाज म्हणण्याची रीत आहे. तुलना योग्य आहे, पण अपुरी. पहाटेचा रियाज हवेत विरतो. इथे प्रत्येक दिवसाचा सराव वस्तू होऊन मागे उरतो आणि वर्षअखेरीला चित्रकार स्वतःची चूक, स्वतःची सवय, स्वतःची वाढ समोर मांडून बघू शकतो.

छोट्या तैलचित्राची ही वाट इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. १७८२च्या सुमारास थॉमस जोन्स या वेल्सच्या चित्रकाराने नेपल्समधल्या एका जुनाट भिंतीचे तैलचित्र कागदावर काढले. ते जेमतेम ११ बाय १६ सेंटिमीटर आहे. पडके प्लास्टर, एक खिडकी, वाळत घातलेले कपडे, एवढेच त्यात आहे. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांची तैल-अभ्यासचित्रे काढली आणि अनेकांच्या मागे दिवस, वेळ, वारा यांची नोंद केली. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगाच्या धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले, आणि डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत रंग बांधून नेण्याची कटकट संपली. तैलरंग खऱ्या अर्थाने उघड्यावर आला तो तेव्हापासून.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे आबालाल रहिमान होते. रोजच्या कामाचा विषय निघाला की माझ्या मनात पहिले नाव येते ते त्यांचे, आणि ते नव्या पिढीला पुरेसे माहीत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. १८८०च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. तिथल्या अव्वल विद्यार्थ्यांत त्यांची गणना होती. मुंबईत राहून व्यक्तिचित्रांवर उत्तम पैसा मिळवणे त्यांना अवघड नव्हते. पण ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटितीर्थाच्या काठी ते राहिले आणि तोच तलाव, तीच झाडे, तेच पाणी वेगवेगळ्या प्रहरी रंगवत राहिले. माध्यम कधी जलरंग, कधी तैलरंग. रंग विकत मिळाले नाहीत तर झाडपाल्यापासून करत, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये ते गेले. त्यांनी हजारो चित्रे काढली असे म्हणतात, पण हाती लागतात ती फार थोडी. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्यांतली काही बघता येतात. ती बघताना कळते की एका तलावात आयुष्यभर पुरेल एवढे काम असते.

आबालाल यांच्या उदाहरणातून मी दोन गोष्टी घेतो. विषयासाठी दूर जावे लागत नाही, ही पहिली. रोज काढलेले जपले नाही तर ते नाहीसे होते, ही दुसरी.

विषयांची उणीव आपल्या जिल्ह्यात तर मुळीच नाही. भुईकोट किल्ल्याचा काळा पाषाण सकाळी निळसर आणि उतरत्या उन्हात तांबूस दिसतो. फराहबक्ष महालाच्या कमानी आहेत, आपण चांदबीबी महाल म्हणतो ती सलाबतखानाची अष्टकोनी कबर आहे. घोडेगावच्या बाजारातल्या म्हशींची काळी पाठ रंगवायला घ्या, ट्यूबमधला काळा रंग तिथे किती अपुरा पडतो ते कळेल. राहात्याचे पेरू, कर्जत-जामखेडकडची शाळूची शेते, ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या, अकोल्याच्या डोंगरावरून भंडारदऱ्याकडे सरकणारे ढग. बहुतांशी पर्जन्यछायेतल्या या मुलखात वर्षातले कितीतरी महिने कोरडी हवा आणि स्वच्छ उजेड मिळतो. तैलरंगाला याहून अधिक काय हवे?

छोट्या चित्राशी नगरचे नाते तर जुनेच आहे. नगरचा सुलतान हुसैन निजामशाह याच्या स्तुतीपर ‘तारीफ-ए-हुसैनशाही’ हे फारसी काव्य १५६५च्या सुमारास इथे सचित्र झाले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ते जपलेले आहे. दख्खनी चित्रशैलीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते, आणि ती चित्रे पोथीच्या पानावर मावणारी आहेत. राजाशेजारी बसलेल्या राणी खुंझा हुमायूनची आकृती त्यांत पुढे कुणीतरी पुसून टाकली, हा त्या पोथीचा दुखरा इतिहास. मोठ्या तैलचित्राचा मानही नगरने मिळवला आहे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे रंगवणारे गोपाळ देऊस्कर १९११ मध्ये इथेच जन्मले.

रोजच्या चित्राला धोकेही आहेत. पेरू विकला गेला की उद्याही पेरूच, परवाही पेरूच, अशी सवय लागते. हात सफाईदार होतो आणि डोळा झोपतो. गायतोंडे वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करत, त्यांचा बहुतेक वेळ विचारात जाई. रोज काढले नाही म्हणून कुणी कमी चित्रकार ठरत नाही. पण गायतोंडे यांचे थांबणे जे. जे.तल्या कसून केलेल्या अभ्यासानंतरचे होते. शिकणाऱ्याने आधी काम करावे, मग थांबावे. नेम ठेवावा आणि विषय मात्र जाणूनबुजून बदलत राहावे.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना आपल्याकडची मुले दर वर्षी मोठ्या संख्येने बसतात. दहावीच्या वाढीव गुणांपुरते चित्र काढून बहुतेक जण पेटी बंद करतात. चित्रकला शिक्षकांना माझी विनंती आहे की अशा मुलांच्या हाती एकदा तरी छोटा बोर्ड, पांढऱ्यासह चार ट्यूब आणि एक तासाचा विषय द्या. महापालिका आणि नगरपालिकांनी वाचनालयातली एक भिंत स्थानिक चित्रकारांच्या छोट्या कामासाठी राखून ठेवावी. त्याला मोठे अंदाजपत्रक लागत नाही. चित्रकारांनी प्रत्येक बोर्डामागे तारीख, जागा आणि वेळ लिहावी, वर्षाचे काम एकत्र ठेवावे.

वाचकांना सांगायचे ते एवढेच. कोट्यवधींची चित्रे आपल्या घरी येणार नाहीत. पण आपल्याच गावच्या माणसाने आपल्याच गावची वेस रंगवलेले वीतभर तैलचित्र मध्यमवर्गीय घराला परवडू शकते. पुढच्या वेळी वास्तुशांतीला किंवा लग्नाला भिंतीवरचे घड्याळ नेण्याआधी गावातल्या चित्रकाराचे दार वाजवा. किंमत विचारा, घासाघीस करू नका, आणि चित्र घेऊन या.