नवं पिस्तूल अडकतं तेव्हा

लेखमाला : यंत्र बिनसतं तेव्हा / भाग ६

मागच्या भागात रिव्हॉल्व्हर पाहिलं. त्यात एखादं काडतूस फुटलं नाही तर फारसं बिघडत नाही. चाप पुन्हा ओढला की चक्री फिरते आणि पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात ही सवलत नाही. तिथे पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, जायचं ते आधीच्या गोळीच्या जोरावर. मधली एक पायरी चुकली की सगळं जागच्या जागी थांबतं. म्हणूनच ‘नवंकोरं घेतलं आणि पहिल्याच मॅगझिनला अडकलं’ ही तक्रार शस्त्रविक्रेत्यांच्या कानांना सवयीची आहे.

आपल्याकडे नऊ मिलिमीटरचं पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. त्यामुळे सर्वसाधारण परवानाधारक घेतो ते .३२ बोअरचं. सरकारी कारखान्याची ‘अशनी’ याच बोअरची. या बोअरचं काडतूस म्हणजे .३२ एसीपी, अर्थात ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘केएफ ७.६५’ असं कोरलेल्या पुंगळ्या सापडल्याचं वाचलं असेल. त्यातलं ‘केएफ’ म्हणजे आपली खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी. १८६९ सालचा हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे.

हे काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाने १८९९ मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी आखलं. त्याच्या बुडाशी एक बारीक कडा ठेवली. पुंगळी बुडाशी साधारण ८.६ मिलिमीटर आणि कडा ९.१ मिलिमीटर, म्हणजे फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर. ही कडा चेंबरच्या तोंडाशी टेकते आणि काडतूस नको तेवढं आत जात नाही. त्या काळच्या यंत्रकामाला ही युक्ती सोयीची होती. पुढे १९०८ मध्ये आलेल्या .३८० एसीपीत ब्राउनिंगने स्वतःच बाहेर डोकावणारी कडा काढून टाकली. .३२ मध्ये मात्र ती राहून गेली, आणि या बोअरच्या छोट्या पिस्तुलांच्या अडकण्यात आजही तिचा वाटा असतो.

मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक बसतात. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे असली तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा पुढे-मागे सरकणारा भाग, वरचं काडतूस सरळ ढकलून नेते. पण भरताना, किंवा खिशात हिंदकळून, वरची कडा खालच्याच्या मागे गेली तर? स्लाइड वरच्याला पुढे रेटते, त्याची कडा खालच्याच्या कडेत अडकते आणि दोन्ही काडतुसं एकमेकांना सोडत नाहीत. इंग्रजीत याला ‘रिमलॉक’ म्हणतात. पूर्ण आवरणाच्या गोळीचं काडतूस साधारण २५ मिलिमीटर लांब असतं. ते मॅगझिनमध्ये पुढे-मागे फारसं सरकत नाही. पोकळ टोकाच्या गोळीचं काडतूस आखूड, म्हणून ते जास्त हलतं आणि कडा उलटी बसायला वाव मिळतो. अमेरिकेत केल-टेकच्या पी-३२ या खिशात मावणाऱ्या पिस्तुलाचे मालक यासाठी मॅगझिनमध्ये पातळ पट्टी घालून ती जागा भरून काढतात. सीकॅम्पच्या .३२ ची गंमत याच्या उलट. ते पोकळ टोकाच्या आखूड काडतुसावरच बेतलेलं आहे, नेहमीचं लांब काडतूस त्याच्या मॅगझिनमध्ये मावतच नाही. एकाच बोअरच्या दोन पिस्तुलांपैकी एकाला चालणारं काडतूस दुसऱ्याला चालत नाही ते असं.

रिमलॉक ओळखणं सोपं आहे. मॅगझिन काढून वरचं काडतूस अंगठ्याने दाबून पाहावं. एरवी ते स्प्रिंगवर लवतं. इथे ते ढिम्म हलत नाही, किंवा त्याचं नाक खाली झुकून तसंच राहतं. अशा वेळी स्लाइडवर जोर काढून उपयोग नसतो, उलट कडा आणखी घट्ट बसतात. मॅगझिन रिकामं करून नव्याने भरायचं आणि भरताना प्रत्येक काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे बसली ना, हे डोळ्यांनी पाहायचं. भरण्याची घाई कोणी करू नये, एवढंच.

आता पिस्तुलाकडे वळू. या बोअरची बहुतेक पिस्तुलं ‘ब्लोबॅक’ पद्धतीची, म्हणजे नळीला कुलूप नसलेली. स्फोटाच्या वेळी पुंगळीला जागेवर धरून ठेवतात ते फक्त स्लाइडचं वजन आणि तिला पुढे रेटणारी स्प्रिंग. पिस्तूल लहान केलं की स्लाइड हलकी होते, म्हणून स्प्रिंग कडक करावी लागते. स्लाइडचा प्रवासही आखूड होतो आणि मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर आणायला कमी वेळ मिळतो. त्यात धरणाऱ्याचं मनगट सैल असेल तर स्लाइडबरोबर अख्खं पिस्तूल मागे जातं, स्लाइड पुरती उघडत नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता फटीत उभी अडकते. तेव्हा पुंगळी उभी सापडली तर आधी आपली पकड तपासावी. बरं, नवं पिस्तूल येतं तेच गंज लागू नये म्हणून ग्रीसने माखलेलं. हे ग्रीस चेंबरमध्ये आणि फायरिंग पिनच्या भोकात राहिलं तर स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बंद होत नाही, किंवा पिन अर्ध्या जोराने आपटते. कितीतरी ‘बिघडलेली’ नवी पिस्तुलं नीट पुसून हलकं तेल दिल्यावर सुधारतात.

काडतूस फुटलंच नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून निदान अर्धं मिनिट थांबायचं. दारू उशिरा पेट घेण्याची शक्यता असते. मग मॅगझिन काढून, काडतूस बाहेर घेऊन त्याच्या बुडाची कॅप, म्हणजे पिन जिच्यावर आपटते ती, पाहायची. खड्डा खोल असेल आणि तरी फुटलं नसेल तर दोष बहुधा काडतुसाचा. खड्डा उथळ असेल तर पिन, ग्रीस किंवा अर्धवट बंद झालेली स्लाइड यांच्यावर संशय घ्यावा. आणि बार नेहमीसारखा न होता नुसता ‘फुस्स’ आवाज आला, झटका बसला नाही, तर पुढची गोळी अजिबात झाडायची नाही. आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटू शकते, आणि पिस्तूल तोंडासमोर असतं.

खडकीच्या मालाला नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे. पण काडतुसांचे हाल बऱ्याचदा घरीच होतात. परवान्यावर काडतुसांचा आकडा लिहिलेला असतो, म्हणून माणूस तीच मोजकी काडतुसं वर्षानुवर्षं वापरतो. रात्री पिस्तूल भरायचं, सकाळी रिकामं करायचं, रात्री पुन्हा तेच काडतूस चेंबरमध्ये. दर वेळी गोळीचं टोक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतरणीवर आपटतं आणि गोळी केसाएवढी पुंगळीत रुतत जाते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. नवं काडतूस शेजारी उभं करून उंची ताडून पाहावी, आणि एखादं आखूड दिसलं तर ते बाजूला काढावं. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेल्या पितळी पुंगळ्यांवर, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, हिरवा कळंक चढतो आणि असं काडतूस चेंबरमध्ये चिकटून बसतं. काडतुसांना तेल लावून ठेवणारेही आहेत. ते तेल कॅपमध्ये झिरपतं आणि मग कॅप फुटत नाही.

ब्लोबॅकमधली आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर तुटला तरी असं पिस्तूल झाडताना चालतंय असं वाटू शकतं, कारण स्फोटाचा दाबच पुंगळीला मागे ढकलतो. दोष उघडा पडतो तो पिस्तूल रिकामं करताना. स्लाइड ओढली, काहीच बाहेर पडलं नाही, म्हणून मालक समजतो की चेंबर रिकामं आहे. प्रत्यक्षात जिवंत काडतूस आतच असतं. स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये डोकावायचं आणि करंगळीने चाचपायचं, हा नियम त्यासाठीच आहे.

‘कार आर्म्स’ या अमेरिकी कंपनीच्या पुस्तिकेत नव्या पिस्तुलातून आधी २०० गोळ्या झाडून ते ‘रुळवून’ घ्या, असं सांगितलेलं असतं. आपल्याकडे हा सल्ला ऐकून हसूच येईल. इतक्या गोळ्या आणायच्या कुठून? म्हणून झाडलेली प्रत्येक गोळी उपयोगी पडली पाहिजे. रायफल क्लबच्या रेंजवर जाताना वही न्यावी. मॅगझिनांवर रंगाने १ आणि २ लिहावं. अडकलं की कुठल्या मॅगझिनमधलं, कितवं काडतूस, कुठल्या लॉटचं आणि पुंगळी कशी सापडली, हे तिथेच टिपून घ्यावं. दर वेळी एकच गोष्ट बदलावी. काडतुसं तीच ठेवून मॅगझिन बदललं आणि अडकणं थांबलं तर गुन्हेगार मॅगझिन. बहुतेकदा काडतूस धरून ठेवणारे त्याचे वरचे ओठ जरासे वाकलेले निघतात.

कानस घेऊन उतरण घासत बसू नये. त्यात पिस्तूल बिघडतं ते बिघडतंच, शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. तेव्हा काम अधिकृत कारागिराकडेच द्यावं. जाताना पिस्तुलाबरोबर परवाना, दोन्ही मॅगझिनं, न फुटलेली काडतुसं आणि वही न्यावी. नुसतं ‘अडकतंय’ म्हटलं तर तो तेल देऊन परत पाठवील. ‘दोन नंबरच्या मॅगझिनमधलं तिसरं काडतूस, दर वेळी नाक खाली’ म्हटलं तर तो पिस्तूल बाजूला ठेवून आधी मॅगझिन हातात घेईल.

पुढच्या भागात छऱ्याची एअर रायफल : निशाणा एकाएकी खाली का जाऊ लागतो?