घरच्या धंद्यात मुलांची मदत: किती आणि कशी?

"सर, मी घरून दिवाळीचा फराळ करते, मुलगी सातवीत आहे. तिला मदतीला घेऊ का?" हा प्रश्न दर सीझनला येतो.

शिकायला घ्या, राबायला नको. ५० किलो चकलीची ऑर्डर घेताना "सोऱ्या पोरगी फिरवेल" असा हिशोब मनात असेल, तर ती ऑर्डर तुम्हाला झेपणारी नाही. मदतीला बाई लावा, नाहीतर ३० किलोच घ्या. आणि गंमत बघा, फराळाची गर्दी आणि शाळेची सहामाही परीक्षा एकदमच येतात!

कायदाही हेच सांगतो. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलाने घरच्या उद्योगात मदत करायची ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. धोक्याचं काम नाही. नियमांप्रमाणे संध्याकाळी ७ ते सकाळी ८ अजिबात नाही, दिवसात ३ तासांच्या वर नाही, मोठ्या माणसाच्या बदली तर नाहीच. त्यामुळे उकळती कढई आणि सीलिंग मशीन तिच्यापासून लांबच.

मग द्यायचं काय? वही! भाजणी, तेल, गॅस, पिशव्या, लेबल, सगळा खर्च तिला मांडू द्या. चकली किलोमागे कितीला पडली ते काढू द्या. ती हमखास विचारेल, "आई, तुझी मजुरी कुठे लिहू?" बऱ्याच जणी इथेच अडतात, तो रकाना कधी ठेवलेलाच नसतो. तुमच्या तासाचा दर ठरवा, तिच्याकडून त्याच वहीत लिहून घ्या आणि मगच गिऱ्हाइकाला भाव सांगा.